तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : यादीत नाव येतं कसं आणि ऐनवेळी हरवतं कुठं?

कोल्हापूर महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, त्यामागोमाग जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचंही उरकलं. गुलाल धुऊन निघाला, पत्रं मात्र येतच आहेत. ‘कार्ड हातात असून परत पाठवलं’, ‘नवरा एका प्रभागात, बायको दुसऱ्यात’, ‘चार बटणं कशाला दाबायची’ असा बहुतेकांचा सूर. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत आणि पत्रं पाठवणाऱ्यांची नावं न छापता फक्त भाग दिला आहे.

प्रश्न : मला ऑगस्ट २०२५ मध्ये १८ वर्षं पूर्ण झाली. सप्टेंबरमध्ये ऑनलाइन अर्ज भरला, पुढे कार्डही घरी आलं. जानेवारीत केंद्रावर गेलो तर यादीत नाव नाही. चूक कुणाची? (शाहूपुरी)

चूक कुणाचीच नाही, आणि याच कारणानं ती दुरुस्तही होत नव्हती. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका यांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये तो स्थापन झाला. या दुसऱ्या आयोगाकडे स्वतःची मतदार यादी नसते. तो एक तारीख अधिसूचित करतो, त्या दिवशी विधानसभेची जी यादी अस्तित्वात असेल ती घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिची फोड करतो. त्या तारखेनंतर विधानसभेच्या यादीत कितीही नावं चढोत, पालिकेच्या यादीला त्याचा पत्ता नसतो.

या वेळची ती तारीख होती १ जुलै २०२५. मतदान झालं साडेसहा महिन्यांनी. मधल्या काळात १८ पूर्ण झालेले, लग्न होऊन आलेले, घर बदलून नव्याने नोंदलेले असे सगळेच बाहेर राहिले. तुम्ही त्यातलेच. तुमचं नाव विधानसभेच्या यादीत आहे आणि यापुढच्या निवडणुकांना ते चालेल.

आणखी एक बारकावा. त्या तारखेला अर्ज ‘केलेला’ असून भागत नाही, नाव यादीत ‘चढलेलं’ असावं लागतं. अर्जानंतर बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) चौकशी, हरकतींसाठी सात दिवस, मग अधिकाऱ्याचा निर्णय, यात सहज महिना-दीड महिना जातो. पोस्टर लागल्यावर फॉर्म शोधायला निघणाऱ्यांची नेमकी इथंच फसगत होते. गल्लीत कुणी कार्यकर्ता ‘आता भरा, या निवडणुकीला चालवून घेऊ’ म्हणाला, तर त्याच्या हातात तसं काही नसतं हे ओळखून घ्या. फॉर्म भरा, पण पुढच्या निवडणुकीसाठी.

प्रश्न : मुलीचं नाव पहिल्यांदाच नोंदवायचं आहे. ती अजून १७ वर्षांची आहे. आत्ता भरता येईल का? कागद कोणते लागतात? (मंगळवार पेठ)

येईल. वय १७ पूर्ण झालं की आगाऊ अर्ज घेतात. पूर्वी फक्त १ जानेवारी हा वयाचा दिनांक होता. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार झाले. मुलीला ज्या तिमाहीत १८ पूर्ण होतील, तिच्या पुढच्या दिनांकाला तिचा अर्ज विचारात घेतला जातो.

पहिल्या नोंदणीसाठी नमुना क्रमांक ६ भरायचा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर तो भरता येतो. कागदावर भरायचा असेल तर तुमच्या भागाच्या बीएलओकडे किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. बीएलओ बहुधा शाळेतले गुरुजी-बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांचं नाव कळत नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारा.

लागणारे कागद तीन. एक, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा रंगीत फोटो, चेहरा समोरून. घरातल्या भिंतीपुढे उभं करून काढलेला, अर्धा कान कापलेला सेल्फी परत येतो. दोन, जन्मतारखेचा पुरावा : जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट, यातलं एक. तीन, पत्त्याचा पुरावा : त्या पत्त्यावर किमान वर्षभर चालू असलेल्या जोडणीचं पाण्याचं, विजेचं किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, शेतजमिनीचा महसुली उतारा, नोंदणीकृत खरेदीखत किंवा नोंदणीकृत भाडेकरार.

‘नोंदणीकृत’ हा शब्द नीट वाचा. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला करार नोंदणीकृत होत नाही. पत्त्याचा कागद मुलीच्या नावावर नसला तरी अडत नाही. आई किंवा वडील त्याच पत्त्यावर मतदार असतील तर त्यांच्या नावाचा कागद चालतो. काहीच नसेल तर बीएलओ घरी येऊन खात्री करतात, पण त्याला वेळ लागतो.

आता गाडं अडतं ती जागा. ऑनलाइन अर्जात नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप उमटतं. लोक तिकडे बघतच नाहीत. यंत्राला आपल्याकडची आडनावं माहीत नसतात. ‘माने’चं ‘मने’ होतं, ‘घाटगे’चं ‘घटगे’, ‘कांबळे’चं ‘कांबले’. ‘ळ’ तर हमखास जातो. छापील यादी मराठी रकान्यावरून निघते आणि केंद्रावर तीच समोर असते. म्हणून मराठी रकाना स्वतःच्या हातानं दुरुस्त करा, मगच पुढे जा. आडनावाचा रकाना वेगळा असतो. पहिल्याच रकान्यात पूर्ण नाव आणि पुन्हा आडनाव भरलं की यादीत ‘पाटील पाटील’ दिसतं.

पत्त्यात घर क्रमांक, गल्ली किंवा कॉलनी, जवळची ठळक खूण आणि पिनकोड लिहा. नुसतं ‘ए वॉर्ड, कोल्हापूर’ लिहू नका. त्यातून काय घोळ होतो ते खाली पाचव्या प्रश्नात आहे. घरातल्या एखाद्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांकही विचारतात. तो जरूर भरा, मुलगी त्याच यादी भागात जायला त्याचा उपयोग होतो. आधार क्रमांक देणं ऐच्छिक आहे.

शेवटी मिळणारा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. अर्ज कुठे अडकला ते त्याच क्रमांकावरून कळतं. बीएलओ चौकशीला आले तेव्हा घराला कुलूप, शेजारी म्हणाले ‘इथं नाहीत राहत’, की अर्ज नामंजूर. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

प्रश्न : माझं माहेर कागल. लग्नानंतर कसबा बावड्यात आले. इथे नवीन नाव नोंदवलं, पण कागलच्या यादीतलं तसंच आहे. यादीत माझ्या नावापुढे दोन चांदण्या होत्या आणि केंद्रावर काहीतरी लिहून घेतलं. हे काय प्रकरण? (कसबा बावडा)

ताई, तुम्ही सहा नंबरचा फॉर्म भरलात, तिथून हे सुरू झालं. जिचं नाव आधीच कुठल्यातरी यादीत आहे तिनं नमुना ८ भरायचा. स्थलांतर, नावातली किंवा वयातली दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाऐवजी दुसरं, दिव्यांग म्हणून नोंद, ही चारही कामं आता याच एका नमुन्यात होतात. तुमच्या बाबतीत ‘स्थलांतर’ हा पर्याय निवडून जुना ओळखपत्र क्रमांक आणि नवीन पत्त्याचा पुरावा द्यायचा होता. इथे नाव चढताना तिकडचं वगळलं गेलं असतं आणि क्रमांक तोच राहिला असता.

नमुना ६ मध्ये ‘मी पहिल्यांदाच नाव नोंदवत आहे, माझं नाव इतर कुठल्याही मतदारसंघात नाही’ असं प्रतिज्ञापत्र असतं. सही करताना ते कुणी वाचत नाही. सायबर कॅफेवाला तर वाचू देतच नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं आणि खोटं प्रतिज्ञापत्र केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घाबरायचं कारण नाही, पण निस्तरायला हवं.

त्या दोन चांदण्या म्हणजे ‘संभाव्य दुबार मतदार’. अशा मतदारांना कुठल्या केंद्रावर मत देणार हे आधी विचारायचं आणि जे सापडले नाहीत त्यांच्याकडून केंद्रावर ‘दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही’ असं हमीपत्र घ्यायचं, अशी पद्धत या निवडणुकांत होती. तुमच्याकडून तेच लिहून घेतलं. नाव-आडनाव सारखं असलेल्या दोन वेगळ्या बायकांच्या नावापुढेही चांदण्या पडू शकतात, त्यामुळे चांदणी म्हणजे गुन्हा नव्हे.

आता कागलच्या नोंदीसाठी नमुना ७ भरून स्वतःचं नाव वगळायला सांगा. कारण : एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंद. आडनाव बदललं असेल आणि बावड्याच्या यादीत अजून माहेरचंच असेल तर त्यासाठी पुन्हा नमुना ८, या वेळी ‘दुरुस्ती’, सोबत विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर काहीच करायला नको.

प्रश्न : आम्ही पाचगावात राहतो. आमदारकीला ‘कोल्हापूर दक्षिण’मध्ये मत देतो. मग नगरसेवक निवडायला आमचं नाव का नाही? (पाचगाव)

विधानसभा मतदारसंघाची हद्द आणि महापालिकेची हद्द एक नसते. कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात शहराचा काही भाग येतो आणि भोवतालची गावंही येतात. पाचगावला ग्रामपंचायत आहे. तुम्ही घरफाळा (घरपट्टी) तिथं भरता, म्हणून तुमचं मत ग्रामपंचायतीला, करवीर पंचायत समितीच्या गणाला आणि जिल्हा परिषदेच्या गटाला. उचगाव, गांधीनगर, मोरेवाडी, कळंबे तर्फ ठाणे या गावांचंही तसंच. केएमटीची, म्हणजे महापालिकेची बस दारात येते म्हणून गाव शहरात येत नाही. हद्दवाढीचा वाद कितीही जुना असो, ती अधिसूचना निघेपर्यंत यादी बदलणार नाही.

ओळखायची सोपी खूण : घरफाळ्याची पावती बघा. त्यावर महापालिका असेल तर प्रभाग, ग्रामपंचायत असेल तर गट-गण. एका माणसाला दोन्हीकडे मत नसतं.

प्रश्न : घर एक, दार एक, मतदार पाच. तिघं एका प्रभागात आणि दोघं शेजारच्या. शिवाय आम्ही ‘ए वॉर्ड’मधले, तर ‘अ’च्या जागेलाच मत द्यायचं का? (शिवाजी पेठ)

आधी दुसरा प्रश्न. कोल्हापुरात ए, बी, सी, डी, ई हे वॉर्ड सिटी सर्व्हेचे आहेत. ते मिळकतीच्या उताऱ्यावर आणि पत्त्यात येतात. त्यांचा निवडणुकीच्या प्रभागाशी संबंध नाही आणि प्रभागातल्या ‘अ, ब, क, ड’ या जागांशी तर मुळीच नाही. २०१५ ला शहरात ८१ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक होता. २०२६ ला जागा ८१ च राहिल्या, प्रभाग झाले २०. म्हणजे एकेका प्रभागात चार नगरसेवक, एका प्रभागात पाच. ‘अ’पासून शेवटपर्यंतच्या सगळ्या जागांना प्रत्येक मतदारानं मत द्यायचं असतं.

आता घर फुटण्याचं कारण. विधानसभेची यादी ‘भागां’त विभागलेली असते, एक भाग म्हणजे साधारण एक मतदान केंद्र. पालिकेचे कर्मचारी हे भाग घेऊन नकाशावरच्या प्रभाग सीमेप्रमाणे नावं वाटतात. संपूर्ण भाग एकाच प्रभागात बसत असेल तर सोपं. सीमा भागाच्या मधून जात असेल तर एकेका मतदाराचा पत्ता वाचून ठरवावं लागतं आणि तिथं पत्ता असतो ‘ए वॉर्ड, शिवाजी पेठ’. घर क्रमांक नाही, गल्ली नाही, तालमीचं नाव नाही. मग अंदाजानं टाकलं जातं. तुमच्या घरातल्या दोघांची नोंदणी वेगळ्या वर्षी झाली असेल, यादीतही ते वेगळ्या भागात असतील, तर घर फुटणारच.

यावर उपाय दोन टप्प्यांत. पहिला कायमचा : ज्यांचा पत्ता अर्धवट आहे त्यांनी नमुना ८ भरून तो पूर्ण करून घ्यायचा. हे निवडणूक नसताना करायचं काम. दुसरा टप्पा निवडणुकीआधी येतो. प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी साधारण आठवडाभराची मुदत मिळते. ही यादी महापालिकेच्या कार्यालयांत लावतात, आयोगाच्या संकेतस्थळावरही टाकतात. त्या आठवड्यात लेखी हरकत द्या : घरातल्या पाचही जणांचे ओळखपत्र क्रमांक, प्रभाग आणि अनुक्रमांक, सोबत घरफाळा पावती. पोच घ्यायला विसरू नका.

या टप्प्यावर काय होतं आणि काय होत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव हलवता येतं. विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत उतरवताना सुटलेलं नाव घेता येतं. लेखनिकाची चूक दुरुस्त होते. नवीन नाव घालणं, विधानसभेच्या यादीतलं नाव वगळणं किंवा पत्ता बदलणं होत नाही, कारण मूळ यादी दुसऱ्या आयोगाची. अंतिम यादी लागल्यानंतर हरकत घेऊन हेलपाटे मारण्यात अर्थ नाही.

प्रभागाच्या यादीतला अनुक्रमांकही विधानसभेच्या यादीपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे आमदारकीच्या वेळची जपून ठेवलेली चिठ्ठी इथे निरुपयोगी. राज्य आयोगाच्या ‘मताधिकार’ ॲपवर नाव किंवा ओळखपत्र क्रमांक टाकला की प्रभाग, केंद्र आणि अनुक्रमांक मिळतो.

प्रश्न : मी चंदगडचा. विद्यापीठात एम.एस्सी.ला आहे आणि वसतिगृहात राहतो. नाव इकडे आणता येईल का? आणायला हवंच का? (शिवाजी विद्यापीठ परिसर)

येईल, सक्ती नाही. शिकायला बाहेर राहिल्यानं गावचा रहिवास जात नाही. वसतिगृहाच्या पत्त्यावर यायचं असेल तर संस्थाप्रमुखाच्या सहीचा विद्यार्थी असल्याचा दाखला लागतो आणि अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा असावा लागतो. शहरातल्या बोर्डिंगमधल्या मुलांनाही हाच मार्ग. गावात नाव असल्यानं तुम्ही नमुना ८ च भरायचा.

आमचं मत विचाराल तर दोन वर्षांच्या शिक्षणासाठी नाव हलवू नका. विधानसभेला चंदगडला जाणं जमतं, ग्रामपंचायतीला तर तुमचं एक मत निकाल फिरवू शकतं. शिक्षण संपल्यावर नाव परत न्यायचं राहून जातं आणि मग तुम्ही पुण्यात, नाव कोल्हापुरात, घर चंदगडला.

प्रश्न : गावातली निम्मी पोरं पुण्यात कंपनीत आहेत. मतदानादिवशी गाड्या भरून येतात आणि आमचं पॅनेल पाडतात. त्यांची नावं काढता येतात का? (राधानगरी तालुका)

कायदा ‘सामान्यतः रहिवासी’ कोण ते बघतो. गावात घर किंवा जमीन आहे एवढ्यावर कुणी रहिवासी ठरत नाही. उलट, कामासाठी तात्पुरता बाहेर आहे एवढ्यावर कुणाचा रहिवास जातही नाही. जो बायको-पोरांसह दहा वर्षं पुण्यात भाड्यानं किंवा स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो त्याचं नाव खरं तर तिकडं असायला हवं. जो एकटा खोलीवर राहतो, ज्याचं कुटुंब गावात आहे, जो सुट्टीला घरी येतो, त्याचं नाव गावात राहू शकतं. दोन्हींच्या मधले खूप असतात आणि तिथं निर्णय मतदार नोंदणी अधिकारी करतात, पॅनेलप्रमुख नव्हे.

हरकत घ्यायची तर नमुना ७. घेणारा त्याच विधानसभा मतदारसंघाचा मतदार हवा आणि प्रत्येक नावासाठी वेगळा अर्ज, कारण आणि पुरावा हवा. एका माणसानं गठ्ठ्यानं आणून दिलेले अर्ज घेत नाहीत. अर्जावर तुमचं नाव असतं आणि समोरच्याला नोटीस जाते. हरकत खोटी निघाली तर मघाशी सांगितलेली शिक्षा तुम्हालाही लागू. त्याचं नाव पुण्याच्या यादीतही असेल तर मात्र काम सोपं आहे, दोन्हीकडच्या नोंदी जोडा. आणि मयतांची नावं : ती काढायला गावात कुणाचा विरोध नसतो, पण करतही कुणी नाही. मृत्यू दाखल्याची प्रत जोडून घरच्यांनीच नमुना ७ द्यावा.

प्रश्न : आजीला फक्त एकाच उमेदवाराला मत द्यायचं होतं. केंद्रावर म्हणाले, चारही बटणं दाबा. ही सक्ती कशी? (राजारामपुरी)

उमेदवार निवडायची सक्ती नाही, प्रत्येक जागेचं बटण दाबायची आहे. प्रत्येक जागेच्या यादीत शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असतं. ज्या जागेला कुणी नको तिथं ते दाबायचं. सगळ्या जागा पूर्ण झाल्या की लांब बीप वाजतो. त्याआधी आजी बाहेर पडल्या तर मतदान पूर्ण होत नाही आणि पुढचा माणूस खोळंबतो.

यंत्रं मोजू नका, रंग बघा. महापालिकेला ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिका गुलाबी, ‘क’ फिका पिवळा, ‘ड’ फिका निळा अशा मतपत्रिका यंत्रावर होत्या. उमेदवार कमी असतील तर दोन जागा एकाच यंत्रावर येतात आणि वयस्कर माणसं एक बटण दाबून त्या यंत्रावरचं काम झालं समजतात. जिल्हा परिषदेला दोनच मतं : गटाचं पांढऱ्यावर, गणाचं गुलाबीवर. कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूरसारख्या नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट निवडतात, म्हणून एक मत त्याला आणि प्रभागातल्या सदस्यांना साधारणपणे दोन. आजरा, चंदगड, हातकणंगले या नगरपंचायतींत प्रभागाला एकच सदस्य, म्हणून एकूण दोन. ग्रामपंचायतीत सरपंचाचं एक आणि वॉर्डात जितके सदस्य तितकी.

विधानसभेला मतानंतर काचेत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी इथे नसते. ती दिसली नाही म्हणून केंद्राध्यक्षांशी वाद घालण्यात अर्थ नाही, ते यंत्रच या निवडणुकीत लावलेलं नव्हतं.

प्रश्न : कार्ड हरवलंय, पण यादीत नाव आहे. काय न्यायचं? आणि आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर? (जवाहरनगर)

आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, फोटोसह निवृत्तिवेतनाची कागदपत्रं, रोजगार हमीचं जॉबकार्ड, दिव्यांगत्वाचा दाखला यांपैकी मूळ कागद चालतो. झेरॉक्स चालत नाही. पक्षांच्या बूथवर मिळणारी चिठ्ठी फक्त अनुक्रमांक शोधायला, ओळख म्हणून नाही.

नावावर आधीच मत पडलं असेल तर तिथून तणतणत निघून जाऊ नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवा आणि ‘प्रदत्त मत’ मागा. यंत्रावर नाही, छापील मतपत्रिकेवर ते घेतात, स्वतंत्र पाकिटात ठेवतात आणि त्याची नोंद होते. एरवी मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल न्यायालयात गेला तर तोच पुरावा असतो. अंध किंवा हात न चालणाऱ्या मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती नेता येतो, मात्र एका सोबत्याला एकाच मतदाराला मदत करता येते. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्यांना घरून मत देता येतं तसं इथं धरून चालू नका, रिक्षा सांगून ठेवा. महापालिकेला वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती. साडेपाचला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठी देऊन मत देऊ देतात. मोबाइल मतदान कक्षात नेता येत नाही, तो घरच्यांकडे देऊन जा.

प्रश्न : नमुना ६ नामंजूर झाला. कारण ‘दिलेल्या पत्त्यावर आढळले नाही’. पुढे काय? (साने गुरुजी वसाहत)

दोन वाटा. घाई नसेल तर पत्ता आणि कागद नीट करून नवा अर्ज द्या, बहुतेकांना हेच सोयीचं. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथंही पटलं नाही तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. नामंजुरीचा आदेश जोडावा लागतो, तो संदर्भ क्रमांकावरून काढून घ्या.

प्रश्न : या यादीवरच ‘गोकुळ’ला आणि कारखान्याला मत देता येतं का? पदवीधरचं काय? (कुंभी परिसर)

नाही. साखर कारखान्याची यादी सभासदांची, ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघात तर प्राथमिक दूध संस्थेनं ठराव करून दिलेला प्रतिनिधी मतदार असतो. या निवडणुका सहकार निवडणूक प्राधिकरण घेतं. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. कोल्हापूर पुणे विभागात येतं. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. पदवीधर मतदारसंघासाठी १ नोव्हेंबर या दिनांकाआधी पदवी घेऊन किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी १९. गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत लागते आणि गर्दी शेवटच्या आठवड्यातच होते.